बाक काढा म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रस्ताव आला: गेटबाहेरचा सिमेंटचा बाक काढून टाकावा, कारण तिथे ‘बाहेरचे लोक’ बसतात. पंधरा मिनिटांत एकवीस अंगठे. आदल्याच रात्री याच मंडळींनी चाळीवरची एक रील फिरवली होती. गॅलरी, वाळवणं, दारं सताड उघडी, कुठे गेले ते शेजारी वगैरे. रडक्या इमोजींसकट.

मी जन्मापासून डोंबिवलीत राहतो. राहतो म्हणजे झोपायला येतो. सकाळी सव्वाआठची फास्ट, रात्री नऊनंतर परत. माझी डोंबिवली म्हणजे ब्रिजवरची चेंगराचेंगरी आणि दिवाळीच्या पहाटे नवा कुर्ता घालून फडके रोडवर मिरवणं. इथे माणसं उरलीत कुठे, असं मीही बिनधास्त म्हणायचो. मग पावसाळ्यात घोटा मोडला आणि सहा आठवडे घरी बसलो.

तिसऱ्या आठवड्यात कुबड्या घेऊन खाली उतरलो. गेटपुढे चालवेना म्हणून बाकावर टेकलो. (पाठीवर कुणा नगरसेवकाचं अर्धं पुसलेलं नाव आहे.) तिथून जे दिसलं, ते सव्वाआठ ते नऊच्या मधलं होतं, म्हणून मला कधी दिसलंच नव्हतं. अकराला इस्त्रीवाले काका गाठोडी ठेवून घाम पुसतात. साडेबाराला तीन घरची कामं उरकलेल्या बायका डबे उघडतात. चौथं घर दोनला असतं, मधे जाणार कुठे? तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना कमी दिसतं. त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या त्यांची भांडीवाली मावशी याच बाकावर बसून डबीत भरते, आणि पार्सलवाला पोरगा पाकिटावरचं नाव वाचून दाखवतो.

काका मला म्हणाले, “बाबा आता बरे ना?” मी म्हटलं, त्यांना काय झालं होतं? दोन वर्षांपूर्वी भर दुपारी बाबांना जिन्यात चक्कर आली होती. काकांनी इस्त्री बंद केली, रिक्षा बोलावली, डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, “तू ट्रेनमध्ये होतास, उगाच कशाला कळवायचं?”

म्हणजे बाबांना रिक्षात घालणारा माणूस बाहेरचा, आणि मी आतला.

चाळीत माणसांची मनं मोठी होती म्हणून शेजार होता, हे मला पटत नाही. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. माणूस गॅलरीत येणारच. नळ सामायिक, संडास सामायिक, त्यामुळे भांडणं आणि जिव्हाळाही सामायिक. शिवाय अनेक चाळी जातवार वसलेल्या होत्या. दार उघडं होतं, पण कुणाला, ते रीलवाले सांगत नाहीत. शेजाराला जागा लागते. आपण फ्लॅट घेताना गॅलरी आत घेतली, ग्रिल लावलं, आता उरलेला बाकही उचलायला निघालो, आणि वर शेजार हरवला म्हणून गळे काढतो.

कुणी म्हणेल, मुंबईकर संकटात एक होतोच की, २६ जुलै आठवा. आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एकमेकांना चहा विचारायला तेवढा पडावाच लागतो का?

रात्री तिथे पोरं गुटखा थुंकतात, ही तक्रार खरी आहे. मग दिवा लावा, डबा ठेवा. चोरीची भीती असेल, तर दिवसभर गेटवर ओळखीचे डोळे असणं चांगलं की वाईट? आमच्या पगारी कॅमेऱ्याने बाबांची चक्कर टिपली होती म्हणे. बघणारं कुणी नव्हतं.

आणि बाक फूटपाथवर आहे, म्हणजे महापालिकेचा. तो उचलायचा ठराव आम्ही कुठल्या अधिकाराने करणार?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. आमची रविवारी असते, त्यामुळे ट्रेनचं कारण मला नाही. काका सभासद नाहीत, मावशीही नाहीत, बोलायला आम्हीच. आईने विरोधात हात वर करायचं कबूल केलंय. बाबा अजून काही बोललेले नाहीत.