बेटावरचा ताप आणि घरचा रांजण

दूर समुद्रांतल्या एखाद्या बेटावर रोग उद्भवल्याची वार्ता आपण कुतूहलानें वाचतों आणि पान उलटतों. त्या बेटाचा आणि आपला संबंध काय, असें मनांत येणें स्वाभाविकच आहे. मराठवाड्यांतील आमच्या कुंभार पिंपळगांवाला तर समुद्र कोसोगणती दूर. परंतु सांध्यांच्या एका तापानें हा समज पुरता खोटा ठरविला आहे. त्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा व त्यांतून आपल्या घरापुरता कांहीं बोध घ्यावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतु.

चिकुनगुनिया हें त्या तापाचें नांव. २००६ सालीं तें कानीं पडतांच पुष्कळांना कोंबडीची आठवण झाली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला असल्यानें तो गैरसमज सहज रुजण्यासारखा होता. वस्तुतः शब्द पूर्व आफ्रिकेंतील माकोंडे लोकांच्या भाषेंतला. १९५२-५३ सालीं आजच्या टांझानियांतील माकोंडे पठारावर साथ आली, तेव्हां सांधेदुखीनें रोग्यांचीं शरीरें वांकून गेलीं. त्यावरून ‘वांकवून टाकणारा’ अशा अर्थाचें हें नांव पडलें. व्युत्पत्ति कळली कीं अर्धा अर्थ कळतो, असें आम्ही संस्कृतचे विद्यार्थी मानतों. येथें तर व्युत्पत्तींतच रोगाचें मुख्य लक्षण सांगितलेलें आहे.

२००४ सालीं केनियाच्या किनाऱ्यालगतच्या लामू बेटावर हा ताप उसळला. पुढें झालेल्या रक्ततपासणींत तेथील शेंकडा ७५ लोकांना तो होऊन गेल्याचें आढळलें. २००५ सालीं कोमोरो बेटांवर, आणि २००५-०६ सालीं मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या, फ्रान्सच्या ताब्यांतील रियुनियन बेटावर तो पोंचला. रियुनियनच्या सुमारें पावणेआठ लाख वस्तीपैकीं अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. बेट लहान, दवाखाने सुसज्ज, माणसांची नोंद चोख. म्हणून विस्तीर्ण देशांत जें ज्ञान निसटून जातें तें तेथें हातीं लागलें. पहिली गोष्ट अशी कीं, विषाणूच्या आवरणांतील एका प्रथिनाचा केवळ एक घटक बदलला होता, आणि तेवढ्यानें तो एडिस अल्बोपिक्टस ह्या निराळ्या जातीच्या डांसांत सहज वाढूं लागला होता. दुसरी, प्रसूतीच्या वेळीं मातेच्या रक्तांत विषाणू असेल तर जवळजवळ निम्म्या नवजात बालकांना तो लागतो, आणि त्यांतील कित्येकांच्या मेंदूस इजा होते. तिसरी, ताप आठवड्यांत उतरला तरी सांध्यांचें दुखणें कित्येकांस महिनोन्‌महिने, कांहींना वर्षानुवर्षें सोडीत नाहीं.

ह्यावरून बेटावरचा रोग तसाच उठून आपल्याकडे आला, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. हा ताप भारतांत १९६३ सालीं कलकत्त्यास आणि १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस येऊन गेला होता. त्यानंतर सुमारें बत्तीस वर्षें तो जणूं विसरला गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला, आणि २००६ सालीं देशांत सुमारें १३.९ लाख संशयित रोगी नोंदले गेले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ सालीं विषाणू संशोधन केंद्र ह्या नांवानें स्थापन झाली. तेथील संशोधकांनीं जुने आणि नवे नमुने ताडून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, पूर्वींचे विषाणू आशियाई कुळांतले होते, तर नवा आफ्रिकी कुळांतला आहे. अधिक विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, पुणे जिल्ह्यांतील यवत येथें २००० सालीं डांसांत सांपडलेला विषाणू ह्याच आफ्रिकी कुळांतला निघाला. म्हणजे साथ येण्यापूर्वीं पांच वर्षें तें कुळ आपल्या उंबरठ्याशीं येऊन गेलें होतें. बेटास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

आपल्याकडे ह्या रोगाचा मुख्य वाहक म्हणजे एडिस इजिप्ती हा डांस. तो दिवसा चावतो आणि घरांतल्या स्वच्छ, साठविलेल्या पाण्यांत वाढतो. त्याची झेप फार तर कांहींशें हात. तेव्हां आपल्याला चावणारा डांस बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच घरीं जन्मलेला असतो. पाणी सोंवळ्याचें कीं ओंवळ्याचें, हें तो पाहत नाहीं.

येथेंच आमच्या भागाची खरी अडचण आहे. साठविलेलें पाणी ओतून टाका, असा उपदेश करणें सोपें. पण घनसावंगी तालुक्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत, उन्हाळ्यांत घागरभर पाणी ओतून देणाऱ्या हाताला वडीलधारीं माणसें काय म्हणतील? आणि त्यांचें म्हणणें चुकीचें नाहीं. सुदैवानें पाणी फेंकण्याची गरज नाहीं. ह्या डांसाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, भांड्याच्या आंतील अंगास अंडीं चिकटविते. तीं कोरडीं असतां महिनोगणती टिकतात आणि पाणी लागतांच उघडतात. अंड्यांतून डांस व्हावयास उष्ण दिवसांत आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पाणी दुहेरी फडक्यांतून दुसऱ्या भांड्यांत गाळून घ्यावें, रिकामा रांजण आंतून काथ्यानें खसखसून घांसावा, गाळलेलें पाणी परत भरावें आणि तोंडावर फडकें घट्ट बांधावें. जो हौद रिता करतां येत नाहीं, त्यांत गप्पी मासे सोडावे. थेंबही वांया जात नाहीं आणि डांसाची पिढी खुंटते.

आतां हें करावें कोणीं? एकत्र कुटुंबांत असलीं कामें आपोआप सुनांच्या वांट्याला जातात. परंतु भरलेला रांजण कलता करणें हें धडधाकट पुरुषाचें काम आहे. घरांत गर्भवती असेल, तर रियुनियनच्या अनुभवावरून हें काम तिच्यावर टाकूं नयेच, उलट तिच्यासाठीं तें इतरांनीं अगत्यानें करावें. तसेंच, ताप येतांच मनानें दुखण्याच्या गोळ्या घेऊं नयेत. डेंग्यूचीं लक्षणें आरंभीं अशींच असतात आणि त्यांत ॲस्पिरिनसारखीं औषधें रक्तस्रावाचा धोका वाढवितात. रक्त तपासून घ्यावें.

लशीच्या भरंवशावर कोणी स्वस्थ राहूं नये. पहिल्या लशीला अमेरिकेंत २०२३ च्या नोव्हेंबरांत मान्यता मिळाली. २०२५ सालीं रियुनियनवर पुन्हा मोठी साथ आली, तेव्हां तेथें कांहीं वृद्धांना लशीचा गंभीर अपाय झाल्याचें दिसून पासष्टीवरील लोकांना ती देणें थांबविण्यांत आलें. त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेनेंही तिचा परवाना स्थगित केला. हाही धडा बेटानेंच दिला.

ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला हा ताप कापूस वेचणीच्या दिवसांत आला, तर केवळ सांधे नव्हे, घरची चूलही थंडावते. आपल्या रांजणांतला डांस भिंतीपलीकडच्या त्या घरीं जातो. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवावा, आपला रांजण घांसून झाला कीं शेजारच्या एकट्या म्हातारीचाही घांसून द्यावा, आणि मुलांना त्या कामांत बरोबर घ्यावें. पाठांतरानें न येणारी ही विद्या त्यांना हातानें येईल.