वेलस्लींची वंशावळ आणि आपले वारसदार

घराणेशाही म्हटली की आपली पोरं पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे बोट दाखवून मोकळी होतात. आम्ही अमडापुरात बसून जरा लांबचं घराणं तपासतो आहोत: आयर्लंडचे वेलस्ली. लांबचं तरी कसं म्हणावं? असई शेजारच्या जालना जिल्ह्यात, अडगाव अकोल्यात. १८०३ मध्ये या दोन्ही ठिकाणी आर्थर वेलस्लीने लढाया जिंकल्या आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेलं. गावकुसाबाहेरच्यांचं सोडाच, गावातल्यांनाही कोणी विचारलं नाही.

आता यांची वंशावळ पाहा. हे मुळात वेलस्ली नव्हेतच, कॉली. १७२८ मध्ये रिचर्ड कॉलीला वेस्ली नावाच्या नातेवाइकाची जहागीर मिळाली, म्हणून त्याने वेस्ली आडनाव घेतलं. पुढे नातवांनी त्याचं 'वेलस्ली' केलं, कारण ते जास्त जुनं, जास्त खानदानी वाटे. म्हणजे आडनावही इस्टेटीबरोबर आलेलं!

आयरिश पार्लमेंटातली ट्रिमची जागा आधी विल्यमकडे, मग १७९० मध्ये धाकट्या आर्थरकडे. सैन्यातला हुद्दा तेव्हा विकत मिळे. आर्थरला त्यासाठी पैसे थोरल्या रिचर्डने दिले. १७९८ मध्ये रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा हल्ल्याचं नेतृत्व केलं बेअर्डने आणि शहराचा ताबा मिळाला आर्थरला. तिसरा भाऊ हेन्री अवधकडून घेतलेल्या मुलुखाचा प्रमुख झाला. हाच आर्थर सिंदखेडला चोरांचं घरटं म्हणाला होता. म्हणणारा कोण, ते लक्षात ठेवा.

आर्थर कर्तबगार नव्हता असं आम्ही म्हणत नाही. असई त्याने लढूनच जिंकली. पण कर्तबगारी दाखवायची संधी कोणाच्या दारात चालत येते, हा आमचा प्रश्न आहे. त्याच आयर्लंडमधल्या कॅथलिक बहुसंख्याकांना पार्लमेंटात बसायलाही बंदी होती. ती उठली १८२९ मध्ये, पंतप्रधान हाच आर्थर असताना. आणि उठली ती त्याच्या दिलदारीने नव्हे, डॅनियल ओकॉनेलने उभ्या केलेल्या चळवळीच्या दबावाने. तेव्हाच आयर्लंडमध्ये मतदानासाठी लागणारी मालमत्तेची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. गरिबांचं मत गेलं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

याच ओकॉनेलचा दाखला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला. कृतज्ञता असावी, पण स्वाभिमान गहाण टाकून नव्हे. आणि राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे भाषण आपण दरवर्षी स्टेटसला ठेवतो.

वंशावळ आपल्यालाही लागते, पण वेगळ्या कामाला. बौद्ध घरात जन्मलेल्या पोरीला जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. पणजोबांची कोतवाल बुकातली नक्कल, त्यात 'महार' अशी नोंद, वर वंशावळीचं शपथपत्र. ज्या शब्दातून बाहेर पडलो तोच शब्द शोधत तहसीलच्या रेकॉर्ड रूमबाहेर उभं राहायचं. कॉलीचा वेस्ली झाला, वेस्लीचा वेलस्ली झाला, कोणी नक्कल मागितली नाही.

म्हणूनच आपल्या चळवळीत जेव्हा तिकीट साहेबांच्या मुलाला, पद पुतण्याला आणि सतरंज्या कार्यकर्त्याला असा हिशेब चालतो, तेव्हा आम्हाला जास्त राग येतो. 'त्यांच्या वडिलांचे उपकार आहेत' हे उत्तर आम्ही गावोगाव ऐकतो. उपकार आहेत, नाकारत नाही. पण त्यांची परतफेड वॉर्डातल्या जागेने का करायची? येत्या निवडणुकीच्या बैठकीत इच्छुकाला तीनच गोष्टी विचारा: किती मोर्चांत होतास, किती पोरांच्या पडताळणीच्या फायली फिरवल्यास, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये ठाण्यात किती रात्री बसलास. वडिलांचं नाव फॉर्मवर येईलच.