बाळ सांभाळायला बाई शोधताना आपण नक्की काय शोधतो?



गेल्या आठवड्यात इथल्याच, दापोलीतल्या एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. सुनेची रजा संपत आलीय, बाळ सांभाळायला बाई हवी. "कशी हवी?" विचारलं तर यादी तयार. मच्छी खाणारी नको, सुट्ट्या घेणारी नको, आणि बाळ झोपलं की भांडी घासून टाकणारी हवी. बाळ रडलं तर ती काय करेल, हा प्रश्न यादीत नव्हताच.

मला बोलायचा अधिकार नाही, कारण तीन वर्षांपूर्वी माझीही हीच यादी होती. हर्णैहून आलेल्या एका बाईला मी ओटीवरूनच परत पाठवलं, घरी मासे शिजतात म्हणून. जाताना तिने एवढंच विचारलं, "बाळाला झोपताना काय लागतं?" तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग एक माळकरी बाई मिळाली. घरी मांसाहार नाही, बोलणं गोड. मी निर्धास्त झाले. एका संध्याकाळी नातवाच्या डोक्यामागे टेंगूळ हाताला लागलं. दुपारी दिवाणावरून पडला होता आणि तिने सांगितलंच नव्हतं. मी ओरडले तेव्हा ती रडत म्हणाली, "काकू, पावसात एस्टी आली नाही तर तुम्ही अर्ध्या दिवसाचे पैसे कापलेत. हे सांगितलं असतं तर कामच गेलं असतं."

डॉक्टरांनी तपासलं, नातू ठीक होता. लपवलं ही तिची चूकच. पण तिला भीती घातली ती मी.

दशलक्षणात सातव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यात आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अतिभार लादणं आणि अन्नपाणी अडवणं. पहिले तीन आपल्या घरात घडत नाहीत म्हणून आपण पुढे वाचतो. शेवटचे दोन मात्र माझ्या घरात रोज घडत होते. "डबा आणू नकोस, त्यात कांदा असेल," असं मीच सांगितलं होतं. मग ती आमच्याकडे जेवायची, पण सगळ्यांचं आटोपल्यावर, तीन वाजता. सकाळी आठला घर सोडलेली बाई!

आणि अतिभार? ज्ञाताधर्मकथेत राजपुत्र मेघकुमाराला पाच धात्री होत्या. दूध पाजणारी, न्हाऊ घालणारी, नटवणारी, खेळवणारी आणि मांडीवर घेणारी अशा वेगवेगळ्या. आपण एकाच बाईकडून हे सगळं करून घेतो, वर भांडी आणि कपडे.

2017 पासून नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांत 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. आपल्या सुनेसाठी आपण तो हक्क मानतो. तीच रजा संपल्यावर बाळ हातात घेणाऱ्या बाईला मात्र हक्काचा एक रविवार देताना आपला जीव जातो. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात 2008 साली झाला. बाईचं आधार कार्ड आपण पहिल्याच दिवशी मागतो, पण "मंडळात नाव नोंदवलंस का?" असं किती जणींनी विचारलं?

कुणी म्हणेल, घराची शुद्धी सोडायची का? मुळीच नाही. आपल्या स्वयंपाकघरात काय शिजेल हे आपणच ठरवायचं. पण ती तिच्या घरी काय खाते, यावरून ती बाळाला कसं जपेल हे कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी पहिले दोन-तीन दिवस तिच्यासोबत घरी थांबा. बाळ रडलं की ती आधी काय बघते? भरवताना घाई करते का? बाळ तिच्याकडे झेपावतं का? पहिल्याच दिवशी सांगा, "बाळ पडलं तर लगेच सांग, पैसे कापणार नाही." आणि तो शब्द पाळा. तिचं स्वतःचं मूल दिवसभर कुणाकडे असतं, तेही विचारा. ते आजारी पडलं की ती येणार नाही, हे आधीच धरून चाला.

आमची माळकरी मावशी अजून येते. आता बाराला जेवते, रविवारी येत नाही. परवा तिने आल्याआल्या सांगितलं, "काकू, काल माझ्या हातून त्याच्या बोटाला दार लागलं, थोडं सुजलंय." मी बोट पाहिलं, थंड पाण्याची पट्टी ठेवली. पगार पूर्ण दिला.