पुडा उलटून पाहा

वऱ्हाडातला ज्वारीचा पेरा सोयाबीनने मागे सारला. तीच ज्वारी आता अमरावती-अकोल्याच्या दुकानांत बिस्किटाच्या पुड्यावर कणसाचे चित्र होऊन परतली आहे. पुडा उलटा केला की खरे कळते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. यादीत पहिला मैदा, मग साखर आणि पामतेल असेल, तर ज्वारी नावापुरतीच. १०० ग्रॅम ज्वारीत तंतुमय पदार्थ सुमारे १० ग्रॅम, मैद्यात ३ ग्रॅमही नाहीत. पोट साफ राहते, जेवणानंतर रक्तातली साखर हळू चढते, ते या तंतूंमुळे. भाकरी-वरण खाणाऱ्या घराला हे तंतू वेगळे मिळवावे लागत नाहीत.

पण ही बारीक अक्षरे वाचायची कुणी? खाद्यपदार्थांच्या लेबलांविषयीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की भागते; मराठीची सक्ती नाही. कुपोषणाशी झगडणाऱ्या मेळघाटातही पाच-दहा रुपयांचे पुडे लेकरांच्या हाती पोचतात. साखर, मीठ, मेद यांचे आकडे दर्शनी बाजूला आणि मराठीत छापण्याचा आग्रह राज्य सरकारने केंद्राकडे धरावा. तोवर अंगणवाडीतल्या माता-बैठकीत रिकामे पुडे मांडून लेबलवाचन शिकवायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहू नये.