शिक्षा करणाऱ्याची जबाबदारी



आपल्या भाषेंतील ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन शब्द एकाच धातूपासून झालेले आहेत. संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे शिकविणें. मराठींत मात्र तिचा अर्थ दंड असा होऊन बसला. हा बदल कसा झाला तें भाषापंडितांनीं पाहावें. आम्हां शिक्षकांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, ज्या शिक्षेंतून मूल कांहींच शिकत नाहीं, ती शाळेला शोभत नाहीं. परीक्षेंतील नक्कल हा शाळेंत वारंवार घडणारा व दूरवर परिणाम करणारा अपराध आहे, म्हणून त्याच्याच आधारानें हा विचार आपणांपुढें मांडतों.

महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत राजकोटच्या हायस्कुलांतील एक प्रसंग सांगितला आहे. जाइल्स नांवाचे शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीसाठीं आले व त्यांनीं मुलांना पांच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांतील ‘केटल’ हा शब्द मोहनदासानें चुकीचा लिहिला. शिक्षकांनीं बुटाच्या टोंकानें खुणावून शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिहिण्यास सुचविलें. पण मुलांनीं नक्कल करूं नये म्हणूनच मास्तर उभे आहेत, अशी त्याची समजूत असल्यामुळें ती खूण त्याला उमगली नाहीं. इतर सर्व मुलांचे शब्द बरोबर निघाले; एकटा तोच चुकला आणि मागाहून शिक्षकांनीं त्यालाच त्याचा मूर्खपणा पटवून देण्याचा प्रयत्न केला! या गोष्टींत अपराधी कोण, हें सांगावयास नको.

ही गोष्ट जुनी झाली असें कोणी म्हणेल. पण २०१५ च्या मार्च महिन्यांत बिहारमधील वैशाली जिल्ह्यांत दहावीच्या परीक्षेच्या वेळीं मुलांचे आप्त शाळेच्या भिंतीवर मजलोमजली चढून खिडक्यांतून चिठ्ठ्या पुरवितांना दिसले. तें छायाचित्र जगभर पसरलें व आपल्या देशाची मान खालीं गेली. त्यानंतर कांहीं पालकांना अटक झाली खरी. परंतु शेंकडों विद्यार्थ्यांना परीक्षेंतून काढून टाकण्यांत आलें. खिडकींतून चिठ्ठी आंत आली ती वडील माणसाच्या हातून. वर्ष मात्र गेलें मुलाचें.

कायद्यानें या बाबतींत डोळे मिटलेले नाहींत. महाराष्ट्रानें विद्यापीठांच्या व मंडळांच्या परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठीं १९८२ सालींच कायदा केला. सरकारी नोकऱ्यांच्या व प्रवेशाच्या मोठमोठ्या परीक्षांसाठीं केंद्र सरकारनेंही २०२४ सालीं कायदा केला असून, त्यांत गैरमार्गांचा अवलंब करणारांस ३ ते ५ वर्षें कैद व १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. प्रश्नपत्रिका फोडून विकणारे हेच या दुसऱ्या कायद्याचें लक्ष्य आहेत. परीक्षार्थींचा विचार परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांवर सोपविला आहे. हा भेद मला न्याय्य वाटतो. चोरीचा बाजार मांडणारा आणि त्या बाजारांत भुललेला पोर यांना एकाच तराजूंत घालूं नये.

आतां छडीविषयीं. “मास्तर, चार छड्या ओढा, पण पोरगा सुधारला पाहिजे,” असें कित्येक पालक मला आजही कळकळीनें सांगतात. मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंचीही बंदी केली आहे. छडी गेली म्हणून शिस्त गेली, अशी तक्रार होते. मला मात्र वाटतें कीं, छडीबरोबर शिक्षकाचा आळस चव्हाट्यावर आला. छडी मारावयास एक क्षण पुरतो. चौकशी करावयास सबंध दिवस लागतो.

हें मी स्वतःच्या एका चुकीवरून शिकलों. बारा वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवीं शिकवीत होतों. नववीच्या सहामाही परीक्षेंत एका मुलाच्या बांकाखालीं मला चिठ्ठी सांपडली. “सर, ही माझी नाहीं,” तो म्हणाला. मीं त्याला उद्धटपणा समजलों. त्याची उत्तरपत्रिका सर्वांसमक्ष काढून घेतली व शून्य गुण दिले. चिठ्ठीवरील अक्षर त्याच्या अक्षराशीं ताडून पाहण्याचेंही मला सुचलें नाहीं. चार दिवसांनीं संध्याकाळीं त्याच्या शेजारचा मुलगा रडत माझ्या घरीं आला. चिठ्ठी त्याची होती. “बाबांना सांगूं नका, ते मारतील,” एवढेंच तो पुन्हां पुन्हां म्हणत होता.

पहिल्या मुलाची मीं पुन्हां परीक्षा घेतली व त्याचे गुण त्याला मिळाले. पण वर्गासमोर त्याची क्षमा मागण्याचें धैर्य एकवटावयास मला आठ दिवस लागले. मागितली तेव्हां तो म्हणाला, “सर, मार्कांचें कांहीं नाहीं. पण त्या दिवशीं तुम्हीं माझ्याकडे पाहिलेंसुद्धां नाहीं.” त्या वाक्याएवढी कठोर शिक्षा मला आजवर कोणीं केलेली नाहीं. दुसऱ्या मुलाला त्या विषयांत शून्य गुण दिले. त्याचें नांव मात्र वर्गांत उच्चारलें नाहीं. त्याच्या वडिलांना मी स्वतः जाऊन भेटलों व मुलानें आपण होऊन सत्य सांगितलें, हें प्रथम सांगितलें. त्या रात्रीं त्याला मार बसला नाहीं.

तेव्हांपासून मीं तीन नियम स्वतःस घालून घेतले आहेत. पहिला असा कीं, मुलाचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून त्याला दोषी ठरवावयाचें नाहीं. जो न्याय कोर्टांत चोरालाही मिळतो, तो वर्गांत मुलाला कां नसावा? दुसरा असा कीं, शिक्षा अपराधाएवढीच असावी. एका चिठ्ठीसाठीं मुलाचें सारें आयुष्य डागाळूं नये. आणि तिसरा असा कीं, शिक्षेला शेवट असावा. ती भोगून झाल्यावर मुलाला वर्गांत पूर्वीच्याच जागीं, पूर्वीच्याच मानानें बसतां आलें पाहिजे.

यावरून अपराधाकडे काणाडोळा करावा असें कोणीं समजूं नये. नक्कल करून मिळविलेला गुण शेजारच्या प्रामाणिक मुलाच्या ताटांतील घास आहे. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण पालकहो, निकालाच्या दिवशीं “किती मार्क पडले?” याबरोबर “कसे मिळविलेस?” हाही प्रश्न आपण घरीं विचारीत जा. आणि विद्यार्थ्यांनो, हातून चूक घडलीच तर ती सांगावयास या. ऐकून घेणारा शिक्षक तुम्हांला येथें भेटावा, ही आमची जबाबदारी आहे.