रक्षकच जेव्हां अनावर होतात

2021 च्या फेब्रुवारींत अमरावती व अकोला येथें करोनाची दुसरी लाट उसळली आणि पुनः टाळेबंदी आली. त्या दिवसांत घरोघरीं एक नवा शब्द रूढ झाला, तो ‘डी-डायमर’. विकार फुप्फुसांचा, मग परीक्षा रक्त गोठण्याची कां, हा प्रश्न पुष्कळांस पडला असेल. त्याचा उलगडा आम्ही येथें करूं इच्छितों.

रक्तांतील पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. त्यांपैकीं न्यूट्रोफिल नांवाच्या पेशींचें एक विलक्षण शस्त्र बर्लिन येथील संशोधकांनीं 2004 सालीं उजेडांत आणिलें. या पेशी प्रसंगीं आपल्या केंद्रकांतील डी. एन. ए. चे तंतू बाहेर टाकून त्या जाळ्यांत जंतूंस अडकवितात. वऱ्हाडांतील वाचकांनीं पिंजलेला कापूस डोळ्यांपुढें आणावा. फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अशीं जाळीं फार झालीं, कीं त्यांवर प्लेटलेट कणिका चिकटून गुठळी धरते. मोनोसाइट नांवाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही ‘टिश्यू फॅक्टर’ हें द्रव्य आपल्या पृष्ठभागावर आणून गोठण्यास चालना देतात. मग वायुकोशांत प्राणवायु पोहोंचला, तरी तो उचलून नेणारें रक्तच तेथें येत नाहीं. कुंपणानेंच शेत खाल्लें, तें असें. गुठळी विरघळतांना तिचे जे अंश रक्तांत उतरतात, त्यांसच डी-डायमर म्हणतात.

यावरून उपचाराचें मर्म कळतें. पहारेकऱ्यांस मारावयाचें नसून आवरावयाचें असतें, व तेंही योग्य वेळीं. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानें श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात, असें ब्रिटनमधील प्रयोगानें 2020 च्या जूनमध्यें दाखविलें. परंतु ज्यांस प्राणवायु लावावा लागला नव्हता, त्यांस त्यापासून लाभ झाला नाहीं. हेपॅरिनची वाढीव मात्राही रुग्णालयांतील मध्यम आजाऱ्यांस उपकारक ठरली, अत्यवस्थांस ठरली नाहीं.

म्हणून एकत्र कुटुंबांतील कर्त्या मंडळींस आमचें आग्रहाचें सांगणें आहे. एका भावास लिहून दिलेलें औषध दुसऱ्यास देऊं नये. रक्त पातळ करणारी गोळी वा स्टेरॉइड डॉक्टरांवांचून घेऊं नये. तापांत आजोबांस धाप लागली, किंवा बोटावरील यंत्र 94 च्या खालीं आंकडा दाखवूं लागलें, तर ‘उद्यां पाहूं’ असें न म्हणतां त्यांस तत्काळ रुग्णालयांत न्यावें. आजारांत वा त्यानंतर एकाच पायास सूज येऊन पोटरी दुखूं लागली, तरी त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. इतकें जरी घरोघरीं पाळलें गेलें, तरी या चार ओळींचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.