‘ऑनर्स’च्या वर्गाचे दार कोणासाठी?

अमेरिकेत शाळेचे नवे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. हायस्कूलच्या ‘ऑनर्स इंग्लिश’ वर्गात, म्हणजे हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात, बसणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच एक पत्रक पडते. वर्गाच्या अपेक्षा आणि नियम त्यात लिहिलेले असतात. सुटीत नेमून दिलेली पुस्तके वाचून यावीत. निबंध उशिरा दिल्यास गुण कापले जातील. दुसऱ्याचे लिखाण उतरवल्यास शून्य. ठराविक श्रेणीच्या खाली घसरल्यास साध्या वर्गात रवानगी. आणि शेवटी पालकांची सही. अलीकडे त्यात संगणकाकडून निबंध लिहून घेण्यासंबंधीच्या कलमाची भर पडली आहे. शाळेगणिक तपशील बदलतो, साचा साधारण तोच.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या पत्रकात आक्षेप घ्यावा असे फारसे काही नाही. नियम सर्वांना सारखे आहेत, वर्ण कोणाला विचारलेला नाही. प्रश्न पत्रकाच्या अगोदरचा आहे. ते ज्याच्या हाती पडले तो मुलगा या वर्गात आला कसा, आणि त्याच्या शेजारच्या वस्तीतला मुलगा का आला नाही?

प्रवेश ठरतो तो मागील वर्षाच्या गुणांवर, एखाद्या चाचणीवर आणि बऱ्याच ठिकाणी शिक्षकाच्या शिफारशीवर. शिक्षकाने शिफारस नाकारली तरी पालकांनी लेखी आग्रह धरल्यास मुलाला घ्यावे, अशीही सोय अनेक शाळांत आहे. ती सोय वापरतो कोण? जिला ती माहीत आहे आणि कामाच्या वेळी शाळेत जाऊन भांडायला जिला रजा मिळते, ती आई. दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईला त्या फॉर्मचा पत्ताही नसतो. शिक्षकाच्या शिफारशीचे तर विचारूच नका. २०१६ साली अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याबद्दल दोन शिक्षकांना विचारले, तर कृष्णवर्णीय शिक्षकापेक्षा इतर वर्णाच्या शिक्षकाची अपेक्षा कमी निघते, असे त्यात दिसले. मूल तेच, अपेक्षा वेगळी.

आणि या वर्गाला किंमत आहे. साध्या वर्गातील ‘ए’ श्रेणीला चार गुण मिळतात, तर अनेक शाळांत ऑनर्सच्या ‘ए’ला साडेचार किंवा पाच. विद्यापीठे अर्ज तपासताना मुलाने किती कठीण विषय घेतले हे पाहतात. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्या खटल्यात विद्यापीठ प्रवेशात वर्णाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून हायस्कूलच्या गुणपत्रिकेचे वजन आणखी वाढले आहे. चौदाव्या वर्षी बंद झालेले दार अठराव्या वर्षी कोणी उघडून देईल, ही आशा आता कमी झाली.

ही वाटणी आली कोठून, हेही पाहिले पाहिजे. १९५४ साली ब्राऊन आणि बोलिंग या निकालांनी शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९५६ साली, राजधानी वॉशिंग्टनच्या हायस्कुलांत मुलांची चार वर्गांत विभागणी सुरू झाली. सर्वांत वर ऑनर्स, सर्वांत खाली ‘बेसिक’. फाटक उघडले आणि आत भिंती उभ्या राहिल्या. ज्युलियस हॉब्सन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने स्वतःच्या आणि आपल्या मुलांच्या वतीने न्यायालयात धाव घेतली. १९६७ साली न्यायमूर्ती स्केली राईट यांनी ‘हॉब्सन विरुद्ध हॅन्सन’ खटल्यात ही पद्धत रद्द केली. वर्गवारीच्या चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांना समोर ठेवून बेतलेल्या आहेत. गरीब कृष्णवर्णीय मुलाची उपजत कुवत त्या मोजतच नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. आमच्या तरुण वकिलांनी तो मुळातून वाचावा. गुणवत्तेच्या दाव्याची उलटतपासणी कशी करावी, याचा तो धडा आहे.

पुढे १९८५ मध्ये जीनी ओक्स या संशोधिकेने ‘कीपिंग ट्रॅक’ या पुस्तकात दाखवून दिले की वरच्या वर्गात मुलांना विचार करायला, मत मांडायला शिकवतात आणि खालच्या वर्गात रिकाम्या जागा भरून घेतात. दोन्ही तासांचे नाव मात्र इंग्रजीच!

बाबासाहेबांच्या चरित्राशी परिचित असलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावे लागले. तिथे जात उघडपणे आड आली. आजच्या शाळेत तेवढा उघडपणा लागत नाही. गुणांची यादी, चाचणी, शिफारस एवढ्यावर भागते.

मग उपाय काय? लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटी हायस्कूलने नववी-दहावीचे ऑनर्स इंग्लिश वर्ग २०२२ साली बंद करून सर्वांना एका वर्गात आणले. पालक संतापले. आपल्यातील अनेकांना असा निर्णय ऐकताच टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. माझे मत जरा वेगळे आहे. कठीण वर्ग मोडून सगळ्यांना सोप्या वर्गात बसवले तर श्रीमंताचा मुलगा खाजगी शिकवणीत जाऊन कठीण पुस्तक वाचेल. नुकसान आपल्याच मुलाचे होईल, कारण त्याच्यासाठी कठीण पुस्तकाची एकमेव जागा शाळा हीच असते.

न्यूयॉर्कजवळच्या रॉकव्हिल सेंटर गावाने उलटा मार्ग धरला. साध्या अभ्यासक्रमाला हळूहळू रजा देऊन वरचाच अभ्यासक्रम सर्वांना लागू केला आणि मागे पडणाऱ्यांसाठी शाळेच्या वेळेतच जादा तास ठेवले. तिथल्या शाळेत २००० साली उत्तीर्ण झालेल्या कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांपैकी ३२ टक्क्यांना राज्याची ‘रीजंट्स’ पदविका मिळाली होती. २००३ मध्ये ८२ टक्क्यांना मिळाली. गोऱ्या व आशियाई मुलांचे प्रमाणही घटले नाही, ८८ वरून ९७ वर गेले. गाव सधन आहे, वंचित मुलांची संख्या थोडी आहे, हे मान्य. पैशाशिवाय जादा तास होत नाहीत. शिकागोच्या उत्तरेला असलेल्या इव्हान्स्टन हायस्कूलनेही डिसेंबर २०१० मध्ये निर्णय घेतला की नववीचा वेगळा ऑनर्स वर्ग नको. सर्वांनी एकत्र बसावे आणि ऑनर्सचा दर्जा वर्षभराच्या कामातून मिळवावा. म्हणजे अपेक्षांचे पत्रक प्रत्येकाच्या हाती पडले. आधी चाळून मग अपेक्षा, हा क्रम उलटला.

आपल्याकडे ऑनर्स हा शब्द शाळेत नाही, पण ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी कोणाला सांगायला नको. अनेक शाळांत गुण पाहून तुकडी ठरते. ‘सेमी’ला कोणी बसायचे हेही कित्येकदा शिक्षकच ठरवतात आणि मोलमजुरी करणारा बाप “गुरुजी म्हणतात ते बरोबर” म्हणून परततो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले, तरी ते कोणत्या तुकडीत कोण शिकवते, हा प्रश्न उरलाच. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून खाजगी शाळांना सूट देणारी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द केली. फाटकापुरता विजय मिळाला. आतल्या तुकड्यांकडे अजून कोणी पाहिलेले नाही.

जून महिन्यात मुलाला शाळेत घालताना आपल्या कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी विचारावे: तुकडी कशावरून ठरते? ‘सेमी’साठी निकष कोणता, आणि तो फलकावर लावला आहे काय? वर्षाच्या मध्यात तुकडी बदलून मिळते काय, अर्ज कोणाकडे करायचा? अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्या अर्जाचा मसुदा तयार करून द्यायला आमच्यासारखे वकील तालुक्या-तालुक्यात आहेत.